आयएमएफच्या रिपोर्टात गरिबांचा हिस्सा कसा शोधायचा

श्रीलंकेचंच घ्या, मार्च २०२३ मध्ये आयएमएफने (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) त्यांना साधारण ३ अब्ज डॉलरचा कर्जाचा प्रोग्राम मंजूर केला, पैसे हप्त्याहप्त्याने. अटी पाळल्या का ते तपासणाऱ्या रिव्ह्यूचा रिपोर्ट आयएमएफच्या साइटवर फुकट मिळतो, पण सुरुवातीची गोडगोड पानं सोडा आणि सरळ मागे टार्गेटचा तक्ता उघडा. त्यात सोशल सेफ्टी नेटवरचा (गरिबांना आधार देणाऱ्या योजनांवरचा) खर्च शोधायचा, म्हणजे सरकारने गरिबांवर किमान एवढा खर्च करायचाच. आता शेजारी प्रत्यक्ष आकडा बघा. जून २०२४ अखेरचं टार्गेट हुकलं होतं! आणि हे फक्त 'इंडिकेटिव्ह' (म्हणजे दिशादर्शक) टार्गेट, हुकलं तरी कर्जाचा हप्ता आपोआप अडत नाही (खरी गोम इथेच आहे राव). मग अस्वेसुमा, म्हणजे २०२३ ला समृद्धी या जुन्या मदत योजनेच्या जागी आणलेली गरिबांसाठीची योजना, तिच्यातून कोण वगळलं गेलं तेही बघा.