ज्येष्ठांच्या मेंदूचा एमआरआय रिपोर्ट कसा वाचावा

घरातील ज्येष्ठ व्यक्तीचा विसराळूपणा वाढला म्हणून एमआरआय काढला जातो आणि ‘वयोमानानुसार मेंदू आकसलेला आहे’ एवढेच वाक्य सर्वांच्या लक्षात राहते. त्यावरून निष्कर्ष काढण्याआधी रिपोर्टचा मधला भाग नीट वाचावा.

कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त, गाठ किंवा मेंदूच्या पोकळ्यांत वाढलेले पाणी नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे का, हे प्रथम पाहावे. कारण यांवर शस्त्रक्रियेचा उपाय असू शकतो.

त्यानंतर फ्लेअर चित्रांतील (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रांतील) पांढरे डाग, म्हणजे बहुधा बारीक रक्तवाहिन्यांच्या झिजेच्या खुणा. १९८७ साली मांडलेल्या फाझेकास श्रेणीत ० ते ३ असे अंक असतात : १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे एकमेकांत मिसळू लागलेले, ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. उतारवयात १ हा अंक सर्रास दिसतो, त्याची धास्ती घेऊ नये. २ किंवा ३ असल्यास रक्तदाब आणि साखर यांकडे काटेकोर लक्ष द्यावे. अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात (२०१९) वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य असलेल्या गटात हे डाग तुलनेने कमी वाढले. परंतु उभे राहताच चक्कर येणाऱ्या व्यक्तीसाठी हे लक्ष्य परस्पर ठरवू नये.

स्मरणशक्तीच्या दृष्टीने खरी मेख हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी साठवण्यात महत्त्वाचा असलेल्या मेंदूच्या आतल्या भागात असते आणि नेमका त्याचाच उल्लेख अनेक रिपोर्टांत नसतो. तो कोरोनल टी-१ छेदांत (मेंदूच्या समोरून घेतलेल्या उभ्या कापांच्या चित्रांत) पाहतात : आधी त्याच्या वरची फट रुंदावते, मग शेजारची पोकळी फुगते आणि शेवटी त्याची उंची घटते. शेल्टन्स श्रेणीत याला ० ते ४ अंक देतात, तेही डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळे. पंचाहत्तरीच्या आत २ किंवा अधिक आणि त्यानंतर ३ किंवा अधिक अंक सामान्यतः असाधारण समजला जातो. अंक दिले नसतील तर रेडिओलॉजिस्टना ते निःसंकोच विचारावेत. मात्र ही झीज केवळ अल्झायमरमध्येच होते असे नाही, त्यामुळे अंकावरून घरीच निदान करू नये.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर एसडब्ल्यूआय चित्रांत (रक्ताचे अंश टिपणाऱ्या एमआरआय चित्रांत) सूक्ष्म रक्तस्रावाचे काळे ठिपके आहेत का, हेही विचारावे.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना जुन्या-नव्या तपासण्यांच्या सीडी घ्याव्यात; शिवाय पैशांचा हिशेब, औषधांच्या वेळा, ओळखीचे रस्ते यांत कधीपासून गफलत होते, याची तारीखवार नोंद सोबत न्यावी.