रेसिडेन्सीचा अर्ज भरताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात माझ्याकडे परदेशातल्या रेसिडेन्सीचे, म्हणजे लेखकाला काही काळ राहायला जागा आणि लिहायला वेळ देणाऱ्या कार्यक्रमांचे, चारपाच अर्ज येतात. ‘जरा नजर टाक ना’ एवढंच मेलमध्ये असतं, खाली जोडलेली फाइल. मी अनुवाद करते, त्यामुळे परदेशातल्या विद्यापीठांचे फॉर्म मला कळत असणार, असा लोकांचा समज आहे. काही अंशी तो खरा आहे, कारण माझे स्वतःचे दोन अर्ज नाकारले गेलेत आणि माणूस नकारातून जरा नीट वाचायला शिकतो.

फाइल उघडली की पहिली ओळ ठरलेली असते. ‘सुप्रसिद्ध कवी, कथाकार, ललित लेखक, उत्तम वक्ते व निवेदक.’ त्याखाली पुरस्कारांची यादी, मग भूषवलेली अध्यक्षपदं, मग आकाशवाणीवरचे कार्यक्रम. शाल-श्रीफळ देण्याआधी सूत्रसंचालक माइकवर वाचतो तोच हा कागद, फक्त इंग्रजीत केलेला. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकाला तुमच्या तालुक्यातला पुरस्कार माहीत नसतो आणि राज्य पुरस्कारही माहीत नसतो. दोन्ही त्याला सारखेच. त्याला एवढंच ठरवायचं असतं, की या माणसाला दहा-बारा आठवडे एक खोली, एक टेबल आणि मोकळा वेळ दिला तर तो काय करेल. यादीत त्याचं उत्तर नसतं.

परिचय दीडशे शब्दांत बसवा. कोणती पुस्तकं, कोणत्या साली, कोणत्या प्रकारची, सध्या काय लिहिताय. ‘सुप्रसिद्ध’ हा शब्द स्वतःविषयी वापरायचा नसतो, हे मला दरवर्षी निदान दोघांना सांगावं लागतं.

कुठे अर्ज करतोय तेच माहीत नसणं

‘आयोवाला अर्ज करायचाय’ असं म्हणणाऱ्यांतले निम्मे चुकीच्या दारात उभे असतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आयोवा रायटर्स वर्कशॉप’ 1936 पासून आहे आणि तो दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. तिथे तुम्ही विद्यार्थी म्हणून जाता. ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम’ 1967 मध्ये पॉल एंगल आणि ह्वालिंग न्ये यांनी सुरू केला. जगभरातल्या, पुस्तकं प्रकाशित झालेल्या लेखकांना साधारण ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत एकत्र राहायला बोलावणारा तो कार्यक्रम. आपले दिलीप चित्रे 1975 मध्ये गेले ते या दुसऱ्या दारातून. पन्नाशीतल्या एका कवींनी वर्कशॉपचा फॉर्म भरायला घेतला आणि त्यात पदवीची गुणपत्रिका मागितली म्हणून ते चिडले. चूक फॉर्मची नव्हती.

दुसरा घोळ वाटेचा. वर्षानुवर्षं या कार्यक्रमाला बरेच लेखक थेट अर्ज करून गेले नाहीत. त्यांची नावं त्या त्या देशातल्या अमेरिकी दूतावासाकडून सुचवली जात आणि खर्चाचा मोठा वाटा अमेरिकेचं परराष्ट्र खातं उचलत असे. तो निधी 2025 मध्ये थांबवला गेला. त्यामुळे ‘मी गेलो तेव्हा असं असं केलं होतं’ हे वीस वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या ज्येष्ठांचं बोलणं प्रेमाने ऐका, पण त्यावर अर्ज बेतू नका. चालू वर्षाचं पान स्वतः उघडून वाचा.

ब्रिटनचंही तसंच. कलकत्त्यात व्यापारातून पैसा केलेल्या चार्ल्स वॉलेस यांच्या नावाचा एक ट्रस्ट 1981 पासून भारतीयांना मदत करत आला आहे. त्यातून आपल्याकडचे लेखक केंट, स्टर्लिंगसारख्या विद्यापीठांत काही महिने राहून आले. ही मदत भारतात राहणाऱ्यांसाठी आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका मराठी लेखिकेने सगळा अर्ज तयार करून मग ती अट वाचली. आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची लेखकांसाठीची स्टेग्नर फेलोशिप? तिला पदवी लागत नाही आणि पदवी मिळतही नाही, हे खरं. पण ती दोन वर्षांची, आणि तिथला सगळा व्यवहार म्हणजे एकमेकांचं लेखन इंग्रजीत वाचून त्यावर चर्चा. मराठीतच लिहिणाऱ्याने तिथे जाऊन काय करावं, मला समजत नाही.

नमुन्याचा अनुवाद: अर्ज इथे पडतो

फॉर्ममध्ये दहा पानं मागितली असतील तर दहाच. पहिल्या अर्जात मी पंचवीस पाठवली होती. जास्त वाढलं की पाहुणा खूश होतो, ही सवय. दहानंतरची पानं कुणी वाचली नसतील आणि सूचना न वाचणारी बाई म्हणून माझी नोंद मात्र झाली असेल.

खरी अडचण अनुवादाची. सांगलीकडचा माझा एक कादंबरीकार मित्र 2019 च्या महापुरावर लिहितोय. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, त्या दिवसांतलं एक घर. घरात चार बायका: काकू, मामी, मावशी आणि आत्या. त्याने नमुन्याचं प्रकरण मशीनमधून इंग्रजीत काढलं. मशीनने चौघींसाठी इंग्रजीतला एकच शब्द वापरला. दुसऱ्या पानावर तीच बाई माळ्यावर चढते, तीच खाली स्वयंपाक करते आणि तीच स्वतःशी भांडते. मी हसून बेजार झाले, तो झाला नाही.

मग त्याच्या भाच्याने अनुवाद केला. इंजिनिअर मुलगा, इंग्रजी चांगलं, काम मनापासून. मूळ वाक्य असं होतं:

‘आत्यानं पदर खोचला नि गव्हाचं पोतं माळ्यावर चढवायला घेतलं.’

भाच्याच्या अनुवादात या एका वाक्याला तीन तळटिपा होत्या. आत्या म्हणजे कोण, पदर म्हणजे साडीचा कोणता भाग, माळा म्हणजे घरात कुठे. अर्थ सगळा बरोबर. पण घरात पाणी शिरतंय आणि वाचणारा पानाच्या तळाशी जाऊन साडीची माहिती घेतोय.

आम्ही काय केलं ते सांगते. ‘आत्या’ शब्द तसाच ठेवला, टीप काढली. पुढच्याच वाक्यात दादा, म्हणजे वडील, तिला ‘अक्का’ म्हणून हाक मारतात, तिथे ‘थोरल्या बहिणीला’ एवढे दोन शब्द वाढवले, नातं आपोआप लागलं. पदर खोचणं ठेवलं, समजावलं नाही. लगेच ती पोतं उचलते, तेव्हा खोचण्याचा अर्थ कुणालाही कळतो. माळ्याला इंग्रजीत साधा शब्द आहे, तो घातला. तीन टिपांच्या जागी दोन वाढीव शब्द.

प्रत्येक वेळी इतकं सरळ होत नाही. अभंगाच्या वळणाची, यमकावर उभी असलेली कविता अनुवादात बहुधा कोसळते. म्हणून नमुन्यासाठी सगळ्यात गाजलेल्या कविता निवडू नका. ज्यांचा जोर प्रतिमेवर किंवा सांगण्यावर आहे त्या निवडा. संमेलनात ज्या कवितेला टाळ्या पडतात ती अनेकदा आवाजाची कविता असते, आणि आवाज पीडीएफमधून जात नाही.

अनुवादक दुसरा असेल तर त्याचं नाव लिहा, त्याची परवानगी घ्या. पुष्कळजण हे लपवतात, जणू इंग्रजी येत नाही ही शरमेची बाब आहे. मराठी लेखकाने मराठीत लिहिलं आणि दुसऱ्याने अनुवाद केला, यात लपवण्यासारखं काय? मात्र तिथे रोजचं बोलणं, चर्चा, कार्यक्रम इंग्रजीत असतात. तेवढं बोलता यायला हवं आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं.

‘विदारक वास्तव’ आणि कामाचा आराखडा

याच मित्राच्या आराखड्याचा पहिला खर्डा: ‘प्रस्तुत कालावधीत आगामी कादंबरीवर काम करण्याचा मानस असून सदर कादंबरीतून पूरग्रस्तांच्या जीवनाचे विदारक वास्तव मांडण्यात येईल.’ अनुदानाच्या प्रस्तावाची भाषा. नोकरीत अहवाल लिहून लिहून आपला हात असा वळलेला असतो.

मी त्याला फोन केला आणि विचारलं, कुठे अडलायस? तो म्हणाला, ‘अगं, नऊ प्रकरणं झालीत. पाणी चढतानाचं जमलं. ओसरल्यावरचं जमत नाही. चिखल, विमा, पंचनामे, सगळं रिपोर्टासारखं होतंय. आत्या एकदम गप्प झालीय.’ म्हटलं, हेच लिही.

आणि तिथेच का, हाही प्रश्न असतो. ‘आपल्या नामवंत विद्यापीठातील प्रेरणादायी वातावरण’ हे उत्तर नव्हे. त्याला शोधता शोधता सापडलं की 2008 च्या जूनमध्ये आयोवा नदीचं पाणी त्या विद्यापीठातच घुसलं होतं. इमारती रिकाम्या कराव्या लागल्या, तिथलं हँचर सभागृह कायमचं गेलं, नवं बांधावं लागलं. नदीकाठच्या गावाने पूर ओसरल्यानंतरची वर्षं कशी काढली, हे ऐकायला त्याला तिथे जायचंय. आराखड्यात ही तीन वाक्यं आली आणि कागदाला अंग आलं. प्रत्येकाला असा योग सापडेलच असं नाही. नसेल तर ओढून आणू नका, ‘मला तीन महिने सलग वेळ हवा आहे, कारण घरी तो मिळत नाही’ हे चालतं. खोटं वाटत नाही, कारण ते खोटं नसतं.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’

शिफारसपत्रांचा हा आपल्याकडचा रिवाज. मोठा माणूस बिझी असतो, तो प्रेमाने म्हणतो, लिहून आण. मग तीन मोठ्या माणसांची तीन पत्रं एकाच हातची येतात, विशेषणंही तीच आणि स्पेलिंगच्या चुकाही त्याच. वाचणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळतं. शिवाय बहुतेक ठिकाणी पत्र गोपनीय असतं, ते देणाऱ्यानेच थेट चढवायचं असतं.

माजी संमेलनाध्यक्षांच्या ‘गुणी लेखक, यशाची शुभेच्छा’ या दोन ओळींपेक्षा दिवाळी अंकाच्या संपादकाचं पत्र घ्या. तुमची कथा त्यांनी तीनदा परत पाठवली आणि तिसऱ्यांदा तुम्ही शेवट पूर्ण बदललात, हे त्यांना आठवत असतं आणि ते तसं लिहितील. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र संपादकांना हात लावू नका, अंकाच्या धांदलीत असतात. आणि त्यांना पत्रासाठी विद्यापीठाकडून येणारी लिंक नको त्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. मुदतीच्या आठवडाभर आधी फोन करा, ‘सर, मेल आला का?’ नाही म्हणाले तर घरी जा आणि शेजारी बसून शोधून द्या. मी हे दोनदा केलंय, चहाही मिळाला.

अर्ज चढत नाही, दिसत नाही, उशिरा पोचतो

मूळ मराठी मजकूरही मागितला असेल तर तो युनिकोडमध्येच द्या. प्रकाशकाकडून आलेली जुनी फाइल श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असते. तुमच्या संगणकावर ती छान दिसते, त्यांच्याकडे चौकोन आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. पीडीएफ करून ती आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर काही पोर्टल ती घेतच नाहीत.

नाव पासपोर्टवर आहे तसं. टोपणनाव वेगळ्या रकान्यात किंवा परिचयात. कुसुमाग्रजांनाही फॉर्ममध्ये शिरवाडकरच लिहावं लागलं असतं. लग्नाआधीच्या नावाने पुस्तकं आणि नंतरच्या नावाने पासपोर्ट असलेल्या बायकांनी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं एका ओळीत सांगून टाकावं.

मुदतीची वेळ तिकडची असते. हिवाळ्यात आयोवातले रात्रीचे 11:59 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 11:29. ऐकायला सोयीचं वाटतं, पण ब्रिटनमध्ये तीच वेळ आपल्याकडे पहाटे 5:29 होते, आणि तिथे दुपारी बाराची मुदत असेल तर संध्याकाळी साडेपाचला खेळ संपला. एक दिवस आधी पाठवा आणि पोच आली का ते बघा.

निवड झाली तर

शिक्षक किंवा सरकारी नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्र आणि परदेशी जाण्याची परवानगी, या दोन्हींना लागणारा वेळ लेखनापेक्षा जास्त असतो. अर्ज करतानाच कार्यालयात विचारून ठेवा. आयोवासारखा कार्यक्रम ऐन सत्रात, गणपती-दिवाळीच्या काळात येतो. घरच्यांशी बोलणं आधी, फॉर्म नंतर. बहुतेक ठिकाणी खोली एकाची असते.

अमेरिकेला अशा कार्यक्रमासाठी जे-1 व्हिसावर जातात, त्यासाठी विद्यापीठाकडून डीएस-2019 हा कागद येतो. खर्चात सरकारी पैसा असेल तर परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू शकते, तोवर कामाचा एच व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. मुलीने तिकडून ग्रीन कार्डची कागदपत्रं सुरू केली असतील तर हे आधी वाचा.

नकार आला तर कारण विचारणारा मेल करू नका, बहुतेक ठिकाणी ते सांगतच नाहीत. माझा मित्र यंदा तिसऱ्यांदा भरतोय. पोत्याचं वाक्य त्याने पुन्हा बदललंय आणि आता ते खरंच चांगलं झालंय. परिचयात मात्र ‘सुप्रसिद्ध’ अजून आहे, त्यासाठी उद्या फोन करणार आहे.