स्पोर्टी छोटी गाडी निवडताना: आधी चाळीसच्या स्पीडला मजा येते का बघा

मी वारज्यात राहते आणि नोकरी चाकणला. म्हणजे गाडीतला माझा बहुतेक वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जातो. तरी मला चपळ गाडीची हौस आहे, आणि हे सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे "जरा स्पोर्टी बघतोय, पण घरचे सगळे बसले पाहिजेत" म्हणत कुणी ना कुणी येतंच. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आठवड्यात साठच्या वर गाडी किती वेळ चालवता? उत्तर देताना माणूस आधी ताम्हिणी घाटाचं नाव घेतो आणि मग गप्प होतो.

पुण्यात चाळीसच्या आत मजा देणारी गाडीच रोज मजा देते. एकशेवीस पीएसचा (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप) रुबाब दाखवायला एक्सप्रेसवेवर गेलात तरी तिथे मर्यादा शंभरची. म्हणून ब्रोशरमधल्या ताकदीपेक्षा चार गोष्टी हाताला आणि पायाला कशा लागतात ते बघा: स्टिअरिंग, क्लच, गिअरची दांडी आणि गाडीचं वजन. २०२४ च्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडरचं इंजिन आहे, ८२ पीएस आणि ११२ एनएम (एनएम म्हणजे ओढीचं माप). आकडे वाचून कुणी हुरळणार नाही. पण गाडी जेमतेम ९२० किलोच्या आसपास, त्यामुळे कर्वे रोडवर रिक्षाच्या बाजूने निघताना ती अंगाला हलकी लागते. ह्युंदाईच्या आय२० एन लाइनला १२० पीएस आणि १७२ एनएम आहेत, आणि ओढ खरोखर मस्त आहे. फक्त तो सगळा जोर पंधराशे आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर. त्याखाली टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, झोपलेला असतो.

हे पडताळायची माझी पद्धत सोपी आहे. टेस्ट ड्राइव्हला दुसऱ्या गिअरमध्ये स्पीडब्रेकर ओलांडा आणि लगेच पाय दाबा. गाडी आधी विचार करते की निघते? मागे तिघं बसवून हेच पुन्हा करा. शोरूमवाले सकाळी अकराला मोकळ्या रस्त्यावर नेतात. तुम्ही संध्याकाळी साडेसहाची वेळ मागा आणि चांदणी चौकाकडे चढ चढून या. अर्ध्या तासात डावा पाय कुरकुरायला लागला तर ती गाडी तुमची नाही, मग ती घाटात कितीही छान वळो.

ऑटोमॅटिक हवी असेल तर नुसतं 'ऑटोमॅटिक' ऐकून मान डोलवू नका. ड्राय ड्युअल क्लच (तेलाविना चालणाऱ्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मोकळ्या रस्त्यावर झटपट गिअर बदलतो, पण चाकणच्या तळेगाव चौकात इंच इंच सरकताना तोच क्लच घासत राहतो आणि तापतो. रोज असं सरकणाऱ्याने टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा, त्यात क्लचऐवजी तेलातून जोर पोचतो. मारुतीच्या फ्रॉन्क्सच्या एक लिटर टर्बोला तो सहा गिअरचा मिळतो. कॉलर थोडी कमी ताठ राहते, पण संध्याकाळ बरी जाते.

आता टायर, कारण इथे हौस आणि हाडं यांचा थेट संबंध आहे. टायरवरचा नंबर वाचायला शिका. १९५/५५ आर१६ म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर आणि बाजूची भिंत त्याच्या ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर. १८५/६५ आर१५ ची भिंत १२० येते. तेरा मिलिमीटर रबर म्हणजे काय ते पावसाळ्यात, पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात चाक आपटलं की कळतं. मोठ्या रिमवर गाडी वळणात घट्ट राहते, पण प्रत्येक गचका पाठीपर्यंत पोचतो. माझ्या मते आपल्या रस्त्यांवर पंधरा इंच पुरेत. सोळा ठीक. त्यापुढे नुसती शोभा.

मागच्या सीटचा निकाल मात्र स्वतः देऊ नका. घरातलं सगळ्यात दुखऱ्या गुडघ्याचं माणूस सोबत न्या. माझ्या सासूबाई नऊवारी नेसून, वॉकर घेऊन शोरूममध्ये आल्या होत्या. सेल्समन सनरूफचं सांगत होता, आणि त्या वाकून दाराची चौकट डोक्याला लागते का ते बघत होत्या. टाटाच्या अल्ट्रोजचं दार नव्वद अंशांत उघडतं, ते त्यांना फार पसंत पडलं. (आमच्या पार्किंगमध्ये खांब आहे, तिथे ते नव्वद अंश उघडणार नाही, हे मी तेव्हा बोलले नाही.) २०१८ ते २०२४ मधली जुनी स्विफ्ट बघत असाल तर मागच्या दाराची कडी वर, खिडकीच्या मागे आहे. लहान मुलांचा हात पोचत नाही. आय२० एन लाइन आतून सगळी काळी, दुपारच्या उन्हात मागे बसणारा लगेच तक्रार करतो.

डिकी: स्विफ्ट २६५ लिटर, आय२० ३११, अल्ट्रोज ३४५. पण लिटरवर जाऊ नका. वॉकर, बॅग, जे काही रोज न्यायचं ते घेऊन जा आणि उचलून ठेवून बघा. डिकीचा उंबरा उंच असेल तर कंबर रोज आठवण करून देईल.

किमतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे. लहान टर्बो इंजिनं एक ते १.२ लिटरची असतात त्यामागे ही १२०० सीसीची रेघ आहे. शिवाय महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत रोड टॅक्स ११ टक्के, त्यावर वीस लाखांपर्यंत १२. दिखाऊ व्हेरिएंटसाठी दहाची रेघ ओलांडताय का ते बघून घ्या.

आणि फोक्सवॅगनच्या जुन्या पोलो टीएसआयचा मोह? समजू शकते. चाकणलाच बनायची, २०२२ मध्ये बंद झाली, आणि ११० पीएसच्या एक लिटर टर्बोवर आजही तोंडाला पाणी सुटतं. पण मागे पाय आखडून बसावं लागतं, म्हणून ही एकट्या-दुकट्याची किंवा लहान मुलं असलेल्यांची गाडी. घ्यायचीच असेल तर ती पाण्यात बुडाली होती का ते आधी तपासा. २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं, आणि बुडालेल्या गाड्या बाहेरून चकचकीत करून विकता येतात. मागचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गढूळ रेघ दिसते का बघा. मग स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात हात फिरवा. बोटांना माती लागली तर किल्ली परत द्या.