जुन्या गाडीचे इंजिन कोड वाचताना या चुका टाळा

चेक इंजिनचा दिवा लागला की स्कॅनर लावायचा, आलेला कोड मोबाईलवर शोधायचा आणि त्याच्यासमोर ज्या सेन्सरचे नाव दिसेल तो नवा आणून बसवायचा, ही पद्धत बेळगावपासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंतच्या अनेक गॅरेजांत रुळली आहे. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीच्या बाबतीत ती वारंवार फसते आणि मालकाचे हजारो रुपये न बिघडलेल्या भागांवर जातात. कोणत्या सर्किटमध्ये अपेक्षेबाहेरचे काहीतरी दिसले, एवढेच ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, कोडातून सांगतो. ते कशामुळे दिसले, हे वायर, कपलर (वायरींचे जोड-प्लग), अर्थिंग, हवेची गळती आणि इंधनाचा दाब तपासल्याशिवाय कळत नाही. जुन्या गाडीत सेन्सरइतकेच वय वायरिंगचेही झालेले असते, त्यामुळे संशयाची पहिली जागा सेन्सर नसून त्याच्यापर्यंत जाणारा मार्ग असतो.

सोळा पिनांचे सॉकेट म्हणजे ओबीडी-टू नव्हे

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट दिसले की कोणताही स्वस्त ब्लूटूथ डोंगल चालेल असे गृहीत धरले जाते. ओबीडी-टू ही गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून ठरावीक कोडांत सांगण्याची प्रमाण पद्धत, अमेरिकेत ती १९९६ पासून सक्तीची झाली. भारतात मात्र भारत स्टेज चार या प्रदूषण-मर्यादेच्या नियमातील गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला. शिवाय २०१० मध्ये भारत स्टेज चार फक्त १३ शहरांत आले. त्यांत पुणे, सोलापूर आणि बेंगळुरू होते, बेळगाव नव्हते. संपूर्ण देशात ते लागू व्हायला एप्रिल २०१७ उजाडले. याचा आपल्या भागातील परिणाम असा की, त्या वर्षांतील एकाच मॉडेलची पुण्यात नोंदलेली आणि बेळगावात नोंदलेली अशा दोन गाड्यांत सेन्सरांची संख्याही वेगळी असू शकते. सीमाभागात पुण्या-कोल्हापूरकडून आलेल्या सेकंडहँड गाड्या पुष्कळ आहेत, म्हणून आरसीवरील उत्पादनाचा महिना व वर्ष पाहावे आणि गाडीखाली वाकून, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढे-मागे किती ऑक्सिजन सेन्सर आहेत ते प्रत्यक्ष मोजावे.

सॉकेटमध्ये टॉर्च मारून पिना पाहिल्या तरी बरेच कळते. १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीचा थेट सप्लाय असतो, ४ आणि ५ वर अर्थ. ६ आणि १४ या कॅनच्या पिना आहेत, तर ७ ही के-लाईनची (कॅन आणि के-लाईन या ईसीयू व स्कॅनर यांच्यातील संवादाच्या दोन पद्धती). ६ आणि १४ च्या जागा रिकाम्या असून ७ भरलेली असेल, तर गाडी के-लाईनवर बोलणारी आहे, आणि अशा गाड्यांशी अनेक नकली डोंगल जोडलेच जात नाहीत. स्कॅनर जोडला गेला नाही म्हणून ‘ईसीयू उडाला’ असा निर्णय देणे ही मोठी आणि महागडी चूक आहे. आधी १६ आणि ४ मध्ये बॅटरीइतके व्होल्ट येतात का ते मोजावे. येत नसतील तर फ्यूज पाहावा. बऱ्याच गाड्यांत हा फ्यूज हॉर्न, केबिनचा दिवा किंवा लायटर यांच्याबरोबर सामाईक असतो. १६ वर सप्लाय कायम चालू असल्यामुळे डोंगल सॉकेटमध्येच ठेवून गाडी आठवडाभर उभी केल्यास जुनी बॅटरी उतरू शकते, हेही ध्यानात असावे.

त्याहून जुन्या मारुती गाड्यांत स्कॅनरशिवाय कोड वाचता येतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या डायग्नोसिस कपलरच्या दोन पिना वायरने जोडून इग्निशन चालू केले की चेक इंजिनचा दिवा लुकलुकत कोड सांगतो. एकदा चमकून, थोडे थांबून, दोनदा चमकला तर तो १२, म्हणजे नोंदलेला कोणताही बिघाड नाही. त्याला बिघाडाचा कोड समजून भाग बदलू नयेत. यांत्रिक पंपावर चालणाऱ्या जुन्या डिझेल जीपगाड्या आणि टेम्पोंत तर इंजिनाचा ईसीयूच नसतो, तिथे स्कॅनरचे कामच नाही.

आधी पुसून मग पाहणे

कोड दिसताच तो पुसायचा आणि परत येतो का पाहायचे, ही सवय सर्वांत नुकसानकारक आहे. पुसताना केवळ कोड जात नाही, त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचे तापमान, आरपीएम, वेग आणि लोड किती होता याची नोंद. थंड इंजिनावर सकाळी लागलेला दिवा आणि चोर्ला घाट चढताना लागलेला दिवा यांची कारणे सहसा वेगळी असतात, आणि तो फरक सांगणारा एकमेव साक्षीदार आपण स्वतःच पुसून टाकतो. म्हणून पक्के कोड, पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड आणि फ्रीझ फ्रेम यांचे मोबाईलवर फोटो काढून मगच पुढचे काम करावे. पेंडिंग कोडाकडे दुर्लक्षही करू नये, कारण ओबीडी-टू गाडीत बरेचसे बिघाड लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय दिवा लागत नाही.

दिवा स्थिर न राहता चालत्या गाडीत लुकलुकू लागला, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला धोका पोहोचेल इतके मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) होत आहे असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी लोड कमी करून गाडी लवकर थांबवावी.

बॅटरी आणि अर्थिंग न मोजता सेन्सर बदलणे

तीन-चार असंबद्ध सेन्सरांचे कोड एकदम आले, तर ते सगळे एकाच दिवशी बिघडले असे मानू नये. अनेक सेन्सरांना ईसीयूकडून येणारा ५ व्होल्टचा सप्लाय आणि अर्थ सामाईक असतो. त्यांतील एक वायर घासून शॉर्ट झाली किंवा अर्थचा बोल्ट गंजला की सगळ्यांचे वाचन चुकते. म्हणून सुरुवात बॅटरीपासून करावी: सेल्फ मारताना व्होल्टेज साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये आणि इंजिन चालू असताना ते १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावे. त्यानंतर हेडलाईट व पंखा चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत मल्टिमीटर लावावा. ०.१ व्होल्टच्या वर फरक दिसला तर अर्थची पट्टी काढून, घासून, पुन्हा आवळावी.

हे मोजमाप डिजिटल मल्टिमीटरनेच करावे. बल्बचा टेस्ट लॅम्प ईसीयूच्या वायरींना लावल्यास तो जास्त करंट ओढतो आणि ईसीयूचा आतील भाग जळू शकतो. पिवळ्या आवरणाच्या एअरबॅगच्या वायरींना तर कशानेही टोचू नये.

‘हाय’ आणि ‘लो’ हे शब्द न वाचणे

कोडाच्या वर्णनातील शेवटचा शब्द बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि उत्तर तिथेच असते. जांबोटीकडील एका पेट्रोल हॅचबॅकचे उदाहरण पाहू. ऐन पावसाळ्यात तिला पी०११८ हा कोड आला, म्हणजे कूलंटच्या तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. रेडिएटरचा पंखा सतत फिरत होता, सायलेन्सरमधून काळा धूर येत होता आणि ॲव्हरेज घसरले होते. सेन्सर नवा बसवूनही काही दिवसांत दिवा परत लागला. स्कॅनरवर लाईव्ह डेटा उघडल्यावर इंजिन गरम असताना कूलंटचे तापमान उणे ४० अंश दिसत होते.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातही उणे ४० अंश तापमान असण्याचा प्रश्नच नाही. या सेन्सरचा रेझिस्टन्स थंडीत वाढतो आणि उष्णतेने कमी होतो, त्यामुळे सर्किट कुठेतरी तुटले की ईसीयूला तो अतिशय थंड वाटतो. खात्री करण्याची रीत सोपी आहे. सेन्सरचा कपलर काढून त्याच्या वायरिंगकडील दोन पिना छोट्या वायरने एकमेकींना जोडाव्यात. स्कॅनरवरील आकडा उणे ४० वरून उडी मारून १२० अंशांच्या वर गेला, तर ईसीयू आणि वायरिंग ठीक असून दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या जोडात आहे. आकडा जागचा हलला नाही, तर वायर मध्येच तुटली आहे किंवा ईसीयूत दोष आहे. (ही चाचणी दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठीच आहे, तीन वायरींच्या सेन्सरवर ती करू नये.) या गाडीत आकडा उडाला. कपलर उजेडात धरल्यावर दिसले की रबरी सील एका बाजूने दुमडले होते आणि आतील एका पिनेवर हिरवट गंज चढला होता. वॉशिंग सेंटरवर प्रेशरने मारलेले पाणी आणि नंतरचा पाऊस यांमुळे ओल आत शिरली होती. पीन कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून, तिची पकड घट्ट करून आणि सील बदलून काम झाले.

इथे बेळगाव जिल्ह्याचा भूगोलही विचारात घ्यावा लागतो. पश्चिमेकडे खानापूर, कणकुंबी भागात पाऊस प्रचंड, त्यामुळे कपलरमधील ओल हा पहिला संशयित. पूर्वेकडे अथणी, रायबागकडे कोरडी धूळ जास्त, त्यामुळे एअर फिल्टर आणि हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरची तार आधी तपासावी. उसाच्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी सर्रास सापडतात.

पी०१७१ आला की ऑक्सिजन सेन्सर बदलणे

पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. ऑक्सिजन सेन्सर हा धुरातील ऑक्सिजन मोजून ही बातमी आणणारा आहे. बातमी आणणाऱ्याला बदलून हवेची गळती थांबत नाही. इथे लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहावी. मूळ हिशेबापेक्षा ईसीयू किती टक्के इंधन जास्त किंवा कमी सोडत आहे ते ती सांगते, आणि साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांपर्यंत ती ठीक समजतात. ट्रिम आयडलिंगला अधिक २० असून २५०० आरपीएमला उतरत असेल, तर इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) गॅस्केटमधून किंवा तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून हवा शिरत आहे. आयडलिंगला ठीक असून लोडवर वाढत असेल, तर पंप किंवा फिल्टरकडे वळावे.

बेळगावात एक चूक विशेष होते. इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने (इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या सेन्सरने) बाहेरील हवेचा दाब दाखवायला हवा, आणि पुस्तकांत तो समुद्रसपाटीचा, म्हणजे सुमारे १०१ किलोपास्कल दिलेला असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे ९२-९३ किलोपास्कल हेच योग्य वाचन आहे. हा आकडा कमी वाटून चांगला सेन्सर फेकून देऊ नये. तीच गाडी पणजीला नेली तर १०१ च्या जवळ दाखवील.

दुसरा मुद्दा पेट्रोलचा. आपल्याच जिल्ह्यातील साखर कारखान्यांतून इथेनॉल तयार होते आणि पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. त्यामुळे जुन्या गाडीची ट्रिम काही टक्के वर सरकणे स्वाभाविक आहे. केवळ त्यामुळे कोड येणे अपेक्षित नाही, पण आधीच छोटी गळती असलेली गाडी एवढ्याने मर्यादा ओलांडू शकते. दोष इंधनाला देऊन गळती शोधण्याचे टाळू नये. नंतर बसवलेल्या एलपीजी किटची ओम्नीसारखी गाडी असेल, तर पेट्रोलवर आणि गॅसवर ट्रिम स्वतंत्रपणे वाचावी. गॅसचे ट्युनिंग बिघडलेले असले की पेट्रोलचा हिशेबही चुकतो.

डिझेलमध्ये जिवाशी खेळ

कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्चदाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या) डिझेल गाडीला पी००८७ हा कोड येतो. एखादे शून्य कमी-जास्त लिहिल्याने वेगळाच अर्थ सापडतो, म्हणून कोड पाचही अक्षरांसह तपासून लिहावा. पी००८७ चा अर्थ रेलमधील, म्हणजे त्या नळीतील, दाब कमी. पंप आणि इंजेक्टर हे सर्वांत महाग भाग असल्याने त्यांच्याकडे शेवटी जावे. आधी डिझेल फिल्टर बदलावा, तळाचे पाणी काढावे, टाकीपासून येणाऱ्या पाइपमध्ये हवेचे बुडबुडे आहेत का ते पाहावे, आणि मग प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न लाईन वेगळ्या बाटलीत सोडून चारही बाटल्यांतील डिझेलची तुलना करावी. एक बाटली इतरांपेक्षा लवकर भरत असेल तर तो इंजेक्टर आतून गळत आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात नोझलचा नट सैल करून हवा काढण्याची जी पद्धत होती, ती इथे कदापि वापरू नये. या पाइपांतील दाब हजार बारच्याही वर जातो आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल शरीरात घुसवते. तशी जखम वरून लहान दिसली तरी तातडीने दवाखान्यात जावे लागते.

परक्या कंपनीच्या यादीत कोड शोधणे

पी नंतरचा अंक ० असेल तर कोडाचा अर्थ सर्व कंपन्यांत सारखा असतो. तो १ असेल तर अर्थ कंपनीने ठरवलेला असतो, आणि एका कंपनीची यादी दुसरीला लावल्यास भलताच भाग बदलला जातो. पी०४२० (कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी) आल्यावरही थेट कन्व्हर्टर बदलू नये. सायलेन्सरच्या जोडातील गळती आणि जुने मिसिंग आधी तपासावे, कारण मिसिंग तसेच राहिले तर नवा कन्व्हर्टरही खराब होतो.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसावा आणि गाडी लगेच मालकाच्या हाती देऊ नये. इंजिन पूर्ण थंड असताना ती चालू करून महामार्गावर स्थिर वेगाने संकेश्वरपर्यंत न्यावी, येताना चढावर लोड द्यावा, आणि परतल्यावर पेंडिंग कोड व ट्रिम पुन्हा वाचून आधीच्या फोटोशी ताडून पाहावी.