पेर्टचा ‘कांतुस’ हौशी ऑर्केस्ट्राने बसवायचा तर

नोटेशनचा कागद बघून फसू नका. एस्टोनियन संगीतकार आर्वो पेर्टने 1977 मध्ये इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या स्मरणार्थ लिहिलेल्या ‘कांतुस’मध्ये तंतुवाद्यं आणि एक घंटा, एवढंच आहे. चाल म्हणजे पेटीवर घोटलेला पलटाच: सा, सानि, सानिध, सानिधप. पांढरी सहाचा सा धरलात तर स्वर आसावरी थाटाचे.

गोची लयीत आहे. पहिली व्हायोलिनं वाजवतात त्याच्या निम्म्या लयीत दुसरी, त्याच्या निम्म्यात व्हायोला, मग चेलो, मग डबल बास. बासचा एकेक लांब सूर 32 मात्रांचा!

आमच्या नॉटिंगहॅमच्या ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरबाई 2022 मध्ये युद्धामुळे युक्रेनमधल्या खार्किवहून एका बॅगेनिशी आल्या. इंग्रजी तेव्हा जेमतेम. तालमीच्या पहिल्या मंगळवारी त्यांनी वाद्यं बाहेर काढूच दिली नाहीत. पाच गट, नुसत्या टाळ्या: एक गट दर मात्रेला, पुढचा दोनाला, मग चार, आठ, सोळा. मला हसूच आलं. सांगलीतल्या आमच्या तबल्याच्या मास्तरांचं ठाय-दुगुन-चौगुन, म्हणजे एकपट-दुप्पट-चौपट लय, फक्त सगळं एकदम! तुम्हीही इथूनच सुरुवात करा. सोळावाले चुकणार, त्यांना बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवा. मी शिकवलं, आता बासवाले तसंच मोजतात.

व्हायोला सोडून प्रत्येक गटातले निम्मे फक्त सा-ग-प एवढेच सूर घेतात. ते कंटाळतात आणि मोजणं सोडतात. मी त्यांच्यातलीच. अशांना आधी चाल वाजवायला द्या, मग त्यांचे सूर.

एका स्टँडवरच्या दोघांनी बोची (गजाची) दिशा एकाच वेळी बदलायची नाही, म्हणजे सूर तुटत नाही. पेन्सिलीने खुणा करून ठेवा. सुरुवात अगदी कुजबुजती, शेवट कडाडून. हौशी मंडळी निम्म्यातच जोर संपवतात. बाई हात खाली दाबून एकच शब्द म्हणायच्या, “लेटर”, म्हणजे नंतर. पहिली व्हायोलिनं शेवटच्या सुरावर सगळ्यांच्या आधी पोहोचतात आणि बाकीचे येईपर्यंत तो धरून बसतात, म्हणून ताकद तिथे राखा.

घंटा खरीच आणा, कीबोर्डवरची नको. शेवटचा ठोका सगळे जोरात वाजवत असताना हळूच पडतो, म्हणून ऐकूच येत नाही. तंतुवाद्यं थांबली की मागे फक्त त्याचा नाद उरतो. तेव्हा बो हवेतच ठेवा. मी खाली आणला, आणि तो स्टँडच्या पत्र्यावर टणकन आपटला.