राक्षस वाळला की भीती गेली: घरगुती हॉररपट करताना या चुका टाळा

बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्यात, पत्र्याखाली, ऐन मे महिन्यात आम्ही परग्रहावरच्या जिवाचं शूटिंग लावलं, ही पहिली चूक. सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की माणूस वाळतो, तिथं राक्षसाची काय कथा! जानेवारीतल्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की लगेच शूट उरकावं.

सगळ्यात मोठा घोळ चमक आणताना होतो. जीव ओलसर दिसावा म्हणून आमच्यातल्या एकानं लेटेक्सच्या, म्हणजे ओतून वाळवलेल्या नैसर्गिक रबराच्या कातडीवर व्हॅसलीन चोपडलं. पहिला शॉट झकास आला. पुढं कातडी लिबलिबीत झाली, बोट लावलं की फाटायला लागली. तेल आणि व्हॅसलीन हे नैसर्गिक रबराचे वैरी. रबर ते शोषतं, फुगतं आणि त्यातला दम जातो. चमकेसाठी ग्लिसरीनमध्ये थोडं पाणी घाला, बास.

तार सुटणारी लाळ हवी असेल तर मिथाइल सेल्युलोजची, म्हणजे पाणी दाट करणारी पूड आणा. पण ती शिजवू नका. ज्यांच्या घरात सुताची खळ शिजवली गेलीय त्यांना हे पटत नाही. आम्हीही पातेलं उकळत बसलो होतो. ही पूड गरम पाण्यात नुसती पसरते, विरघळते ती पाणी गार झाल्यावर. आधी थोड्या गरम पाण्यात ढवळा, मग गार पाणी ओता आणि रात्रभर ठेवा.

लेटेक्स एकदम जाड ओतलं तर वरून सुकतं, आत कच्चं राहतं. पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळू द्या. दोन थरांमध्ये मागावरचं वाया गेलेलं सूत दाबलं की अशा शिरा उठतात की बघवत नाही. खिडक्या मात्र उघड्या ठेवा, लेटेक्समधल्या अमोनियाचा वास डोक्यात जातो. लेटेक्सऐवजी प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकानं घट्ट होणारं सिलिकॉन) वापरणार असाल तर गंधक असलेली मूर्तिकामाची क्ले आणि लेटेक्सचे हातमोजे लांब ठेवा, नाहीतर सिलिकॉन घट्टच होत नाही.

१९७९ च्या ‘एलियन’मध्ये छाती फोडून जीव बाहेर येतो, तिथं खरी आतडी-कोथळा वापरला होता. हे वाचून आम्हीही खाटकाकडून पिशवी भरून आणली. ते शूटिंग इंग्लंडातल्या स्टुडिओत झालं होतं, हे डोक्यातच आलं नाही. तासाभरात माश्या, मग वास, मग नायकाला ओकारी. त्यापेक्षा जुन्या सायकलच्या ट्यूबा आणि स्पंज बरे. पाकाच्या रक्ताला मुंग्या लागतात, तेही ध्यानात ठेवा.

महिनाभर राबून बनवलाय म्हणून अख्खा राक्षस उजेडात उभा करण्याची हौस आवरा. दोन डोळे, एक तोंड दिसलं की तो जत्रेतला वेताळ होतो. तोंड कुठलं, पाय कुठला, हेच बघणाऱ्याला कळता कामा नये. उजेड मागून द्या, नुसती ओली कड चमकू द्या.

सोंडेनं पाय पकडायचा असेल तर ती आधीच गुंडाळून ठेवा, ओढून सोडवा आणि शॉट उलटा चालवा. उलटा चालवण्याआधी मागं काय हलतंय ते बघा. आम्ही बघितलं नव्हतं. शेडमधला कापसाचा भुगा खाली पडत होता, तो पडद्यावर संथपणे छताकडं चढत गेला. हे कसं केलं म्हणून लोक अजून विचारतात. आम्ही सांगत नाही.