चक्राकार जाळे विणणाऱ्या कोळ्याचे कुळ कसे ओळखावे

पाऊस ओसरला की कोकणात गडग्यांवर, करवंदीच्या जाळीत आणि आंब्याच्या बागांत चक्राकार जाळी दिसू लागतात. नोंद करायची असेल तर दव वाळण्याआधी जावे, आधी जाळ्याचे आणि मग कोळ्याच्या पाठीचे व पोटाचे छायाचित्र घ्यावे.

मात्र जाळे चक्राकार आहे म्हणून कोळी ॲरानिडी कुळातलाच, असे धरून चालू नये. व्हाळाकाठी बहुधा आडवे जाळे विणणारे लांब जबड्यांचे टेट्राग्नाथिडी आणि विषग्रंथीच नसलेले युलोबोरिडी या कुळांतले कोळीही असेच जाळे विणतात. जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी असेल आणि कोळी पाय जोडीजोडीने जुळवून फुलीसारखा बसला असेल, तर तो बहुधा ॲरानिडी कुळातल्या अर्जिओपी गटाचा. पोट टणक व काटेरी असेल, तर त्याच कुळातल्या गॅस्टरकँथा गटाचा.

जात ठरवणे अवघड आहे, आणि इथे घाई करू नये. रंग फसवा असतो, म्हणून प्रौढ मादीची पोटाखालची जननपट्टिका किंवा नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. पिल्लावरून जात सांगण्याचे टाळलेलेच बरे.

कोळ्यांच्या शास्त्रीय नावांची परंपरा स्वीडिश अभ्यासक कार्ल क्लर्क यांच्या 1757 च्या ग्रंथापासून सुरू होते, आणि भारतीय ॲरानिडींचे सविस्तर वर्णन भारतीय कोळी-अभ्यासक बी. के. टिकादर यांनी 1982 मध्ये केले. मोठे सोनेरी जाळे विणणाऱ्या नेफिला या कोळ्याचे कुळ तर अभ्यासकांनी अनेकदा बदलले आहे, त्यामुळे जुन्या ग्रंथातले नाव स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयाच्या जागतिक कोळी-सूचीशी ताडून मगच वहीत लिहावे.